व्हॅन पावणेसहाला सुटते

उपक्रम विभाग कोणी मागून घेत नाही. जूनच्या पहिल्या सभेत मोठ्या बाई एकेक विभाग वाचत जातात, परीक्षा, शिष्यवृत्ती, क्रीडा, सहल, आणि ‘सांस्कृतिक व उपक्रम’ आलं की सगळ्यांना अचानक डायरीत काहीतरी लिहायचं आठवतं. गेल्या वर्षी माझी मान तेवढी वर राहिली होती. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, पुण्यात पेठेतल्या एका जुन्या मराठी माध्यमाच्या शाळेत. निवेदन, नेपथ्य, स्वागतगीत हा माझा प्रांत नाही. लिटमस कागद लाल झाला की निळा, एवढंच मी ठामपणे सांगू शकते.

चार्ज घेताना आधीच्या वर्षांच्या फायलींचा गठ्ठा मिळाला. प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल, पाहुण्यांचा परिचय, फोटो आणि शेवटी सहभागी विद्यार्थ्यांची यादी. अहवाल सगळे एका साच्यातले. पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केलेलं आणि विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिलेला. याद्या मात्र मी नीट वाचल्या. नववीचे हजेरीपट शेजारी घेतले आणि ज्याचं नाव कुठल्याही यादीत सापडेल त्याच्यापुढे पेन्सिलीने टिंब देत गेले. काही नावांपुढे टिंबांची रांगच लागली. वक्तृत्वात तीच मुलगी, नाटकात तीच, झेंडावंदनाचं निवेदन तिचं आणि पाहुण्यांना गुलाबपुष्प द्यायलाही तीच. निम्म्याहून जास्त नावांपुढे मात्र काहीच नाही. पाचवीपासून शाळेत असलेली मुलं, आणि एकदाही कशात नाहीत.

स्टाफरूममध्ये याची दोन उत्तरं तयार होती. बाकीच्यांना आवड नसते. बाकीची मुलं बुजरी असतात. मला दोन्ही पटली नाहीत, कारण ही बुजरी मुलं मधल्या सुट्टीत जिन्यावर काय आवाज काढतात ते मी रोज ऐकते. म्हणून एका ऑफ तासाला नववीत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय करता ते वेळेसकट लिहा, शुद्धलेखन तपासणार नाही, असं सांगितलं.

चिठ्ठ्या वाचायला बसले तेव्हा सगळा उलगडा झाला. आमची माध्यमिक शाळा दुपारची, साडेपाचला सुटते. प्रत्येक सराव, मग तो गाण्याचा असो, लेझमीचा असो वा नाटकाचा, साडेपाच ते सात. आणि व्हॅन पावणेसहाला सुटते. पेठेतले वाडे पडून इमारती उठल्या, भाडेकरू आणि कितीतरी मालकसुद्धा धायरी, आंबेगाव, कात्रज, वारज्याला गेले. पण बाबा किंवा आजोबा या शाळेत शिकले म्हणून मुलांचं नाव इथंच ठेवलं. ही मुलं व्हॅनने किंवा पीएमपीच्या बसने येतात. सरावाला थांबलं तर पुढे सिंहगड रस्त्याची कोंडी, आणि घरी पोचायला आठ. दुसरी मुलं राहतात जवळच, पण त्यांना घरी काम असतं. आई संध्याकाळी दोन घरी पोळ्या करायला जाते, तेवढा वेळ धाकटीला सांभाळायचं. वडिलांच्या चहाच्या गाडीवर कप विसळायचे. एका चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘सहा ते नऊ दुकान. मग जेवण. मग झोप येते.’

मग जनरल रजिस्टर काढून पत्ते पाहिले. टिंबांची रांग असलेली बहुतेक मुलं शाळेपासून दहा मिनिटांच्या चालीवर राहणारी निघाली. इतकी वर्षं आम्ही ज्याला कलागुण म्हणत होतो, त्यात घराचं अंतर बरंच मिसळलेलं होतं.

मोठ्या बाईंसमोर मी दोन गोष्टी मांडल्या. शाळेतल्या कुठल्याही कार्यक्रमाचा सराव शाळेच्या वेळातच व्हायचा. आणि शाळेच्या आतल्या कार्यक्रमांना आधी टिंब नसलेल्या मुलांना विचारायचं. बाहेरच्या, आंतरशालेय स्पर्धांना हे लागू नाही. तिथे जो उत्तम बोलतो त्यानेच जावं, तिथे दयामाया नको. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा त्यांचा विचार करण्याचा मार्ग. “तास कोणाचे घेणार?” हा त्यांचा पहिला आणि एकमेव प्रश्न होता. गुरुवारचे शेवटचे दोन तास ठरले. त्यातला एक कार्यानुभवाचा होता, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. दुसरा गणिताचा होता. गणिताचे सर त्या दिवसापासून माझ्याशी फक्त सूचनावहीतून बोलू लागले.

पहिली परीक्षा आषाढी वारीची. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबाला, आणि दोन्हींचा शहरात दोन रात्री मुक्काम असतो. त्या काळात पेठांमधल्या शाळांचे वर्ग वारकऱ्यांसाठी उघडतात, आमचेही. पूर्वी या ‘सेवे’चा अर्थ असा होता की निवडक मुली नऊवारी नेसून फाटकात उभ्या राहायच्या आणि राजगिऱ्याच्या लाडवांसोबत फोटो निघायचे. या वेळी कामाची यादी मुलांनाच करायला सांगितली. नाना पेठेत राहणारा एक मुलगा उठला. त्याच्या गल्लीत दर वर्षी दिंडी उतरते. “बाई, लाडू सगळेच देतात. त्यांना मोबाइल चार्ज करायला जागा नसते. आणि अंघोळीला.” अंघोळीचं आमच्या हातात फार नव्हतं, नळाला पाइप जोडून आडोसा केला एवढंच. पण चार्जिंगचं टेबल झालं. प्रयोगशाळेतले बोर्ड काढले, प्रत्येक फोनला रबरबँडने नंबर लावला, तोच नंबर कागदावर लिहून मालकाच्या हातात. कळीवाले साधे फोन, त्यांचे जुन्या बारीक पिनेचे चार्जर. ते मिळवायला मुलं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत फिरली. एक आजोबा रात्री नंबर हरवून बसले, तर त्या मुलाने फोनच्या मागच्या विठ्ठलाच्या चित्रावरून ओळखून तो परत दिला. तसे विठ्ठलाचे चित्र असलेले फोन डझनभर तरी होते. कसं ओळखलं ते मला विचारू नका.

जुलैत विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप, बोटाला मार्करची शाई, अनामत म्हणून एक वही. जाहीरनाम्यांत ‘शाळा स्वच्छ व सुंदर’ सगळ्यांचंच होतं. एका मुलीने मात्र लिहिलं होतं: दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी. ती भरघोस मतांनी आली आणि कडी आठवड्याभरात बसली. शाळेच्या राजकारणात एवढी कार्यक्षमता मी आधी पाहिली नव्हती.

1 ऑगस्टचा पेच पुण्यातल्या प्रत्येक शाळेला ठाऊक असतो. 1920 साली याच तारखेला टिळक गेले आणि याच तारखेला अण्णाभाऊ साठे जन्मले. पुण्यतिथी आणि जयंती एकाच परिपाठात. बहुतेक ठिकाणी टिळकांवर तीन भाषणं होतात आणि शेवटी ‘तसेच आज’ म्हणून अण्णाभाऊंची दोन वाक्यं. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ ही सुरुवात ऐकली की माझ्या कानांना झापड येते, म्हणून त्या दिवशी भाषणच नको असं ठरवलं. जोडीने उभं राहायचं, एकाने टिळकांबद्दल एक गोष्ट सांगायची, लगेच दुसऱ्याने अण्णाभाऊंबद्दल. गुरुवारच्या तासाला तयारी झाली. एका जोडीतल्या मुलीने सांगितलं की अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘नशीबवान’ म्हणालं. हशा झाला, पर्यवेक्षिकाबाई वळून बघायला लागल्या. पण त्या हशानंतर मुलांनी कान देऊन ऐकलं, हेही खरं.

गणपतीचे दिवस शाळेच्या दृष्टीने कठीण. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव आधीपासून चालू असतो आणि पथकात जाणारी मोठी मुलं पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतात. त्यावर मी कधीच उपाय शोधला नाही, पुण्यात राहून तो शोधूही नये. माझा डोळा होता विसर्जनावर. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आपल्या पाषाणलाच आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली आणि महापालिका ती पावडर लोकांना देते. बेकरीवाले बिस्किटं फुगवायला हीच वापरतात. पाण्यात पावडर विरघळवायची, साधारण मूर्तीच्या वजनाइतकी, त्यात मूर्ती ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. कॅल्शियम सल्फेटचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली पांढरा साका बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, म्हणजे खत. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात ते बघायला मिळतात. दहावीच्या पुस्तकातल्या दुहेरी विस्थापनाला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

शेजारच्या सोसायट्यांना आम्ही पत्र दिलं: मूर्ती आणून द्या, मागच्या अंगणात पिंपात विसर्जन करू. उत्तरपूजा घरी करूनच आणा, आणि मूर्तीला हात लावणारी मुलं हात-पाय धुऊन उभी राहतील, असंही लिहिलं. हे शेवटचं वाक्य मुलांनी घालायला लावलं. नाहीतर आज्या देणार नाहीत, म्हणाली. मुलांचं बरोबर होतं. मूर्त्या आल्या. अमोनियाचा वास मात्र असा सुटला की शिपाई मामांनी अंगणाकडच्या वर्गांच्या खिडक्या लावून घेतल्या आणि दोन दिवस माझ्याकडे बघणं टाळलं. ऑइलपेंट दिलेली एक मूर्ती काही केल्या विरघळेना. रंग खरवडून पुन्हा घातली, तेव्हा कुठे सुरुवात झाली. मुलांनी ढवळण्याचं वेळापत्रक लावलं होतं, त्यात व्हॅनवाल्यांनी मधली सुट्टी घेतली आणि जवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळ. ही वाटणी मी केली नव्हती. साक्याची एक बरणी आणि वरचं पाणी भरलेला कॅन प्रयोगशाळेत ठेवून दिला.

शिक्षक दिनाला दहावीची मुलं शिक्षक झाली. एकाने माझी नक्कल इतकी हुबेहूब केली की मी खडू फेकते हे मला तेव्हा कळलं. हस्त नक्षत्रात हादगा झाला, या वेळी मुलांनाही फेर धरायला बोलावलं. आली, दोन गाण्यांत दमली, आणि मग खिरापत ओळखायच्या वेळी ताजीतवानी झाली.

दिवाळीनंतर दहावी अंगातून निघून जाते. सराव परीक्षा सुरू होतात आणि त्या मुलांना उपक्रमांत ओढणं मला स्वतःलाच पटत नाही. अपवाद फक्त गुण असलेल्या गोष्टींचा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, ब ला 5, क ला 3. त्यामुळे जन्मात रंगपेटी न उघडलेल्या मुलांच्या आयाही त्या फॉर्मची तारीख विचारत येतात. सगळा डोलारा मग नववीच्या खांद्यावर. माझं मत विचाराल तर माध्यमिक शाळेचं खरं वर्ष नववीचं. आठवी अजून लहान, दहावी आधीच गेलेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला खरी कमाई. स्काउट-गाइडमधून आलेली ही पद्धत आता सगळी शाळाच करते: पदार्थ करायचे, विकायचे, हिशेब द्यायचा. आमच्याकडे त्याचं फनफेर होऊन बसलं होतं. आया घरून डबे भरून द्यायच्या, मुलं फक्त टेबलामागे उभी राहायची, आणि ‘नफा’ म्हणजे आईच्या पैशाने आलेला गल्ला. या वेळी नियम केला की घरून काही आणायचं नाही. प्रत्येक गटाला 500 रुपये उसने, त्यातच सगळा माल, आणि संध्याकाळी मुद्दल परत. द्रोण-चमचे बोहरी आळीतून, भाजी मंडईतून, बाकी किराणा कुठूनही. पावती नाही तर खर्च नाही.

इथे ‘सहा ते नऊ दुकान’वाला मुलगा मला पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्या गटातल्या मुलींना भेळ वीस रुपयांना विकायची होती, कारण बाहेर तीच किंमत आहे. त्याने वजनकाट्यावर एका द्रोणात मावणारे चुरमुरे, फरसाण, कांदा तोलला, भाव मांडला आणि म्हणाला, वीसला विकली तर उरेल, पण पाचवीच्या पोरांकडे वीस नसतात, दहा असतात. अर्धा द्रोण दहाला काढू. गर्दी अर्ध्या द्रोणालाच झाली. चहाच्या गाडीवाल्याच्या मुलीने शेजारच्या गटाला सांगितलं की दूध एकदम घेऊ नका, उरलं तर फाटेल, मीच दोनदा जाऊन आणते. ज्या गटात वर्षानुवर्षांचे बक्षीसपात्र विद्यार्थी होते, त्या गटाने मंचुरियन केलं. कोबी किसण्यात मधली सुट्टी संपली. मुद्दलही पुरतं आलं नाही. त्यांनी मोठ्या खिलाडूपणे हिशेब मांडला, तोट्याच्या आकड्याखाली दोन रेघा मारून.

नफ्याचं काय करायचं यावर मंत्रिमंडळाची बैठक झाली. शिक्षकांना वाटत होतं की मुलं एखाद्या संस्थेला देणगी देतील, कारण अहवालात ते शोभून दिसतं. मुलांनी कॅरम बोर्ड घेतला. पावसाळ्यात ग्राउंड चिखलाचं असतं आणि मधल्या सुट्टीत करायला काही नसतं, हे त्यांचं कारण. पर्यवेक्षिकाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे संस्कारात बसतं का. मी म्हटलं, पैसे त्यांनी कमावलेत. तो विषय तिथे संपला असं त्या समजल्या नाहीत, आणि मीही.

आता गॅदरिंग. स्नेहसंमेलन हा शब्द पत्रिकेवर असतो, तोंडात गॅदरिंगच. नववीचं नाटक कोणी करायचं यावरून पेच पडला. गुरुवारच्या दोन तासांत नाटक बसत नाही, हे नाटकवाल्या बाईंचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. नाटकाला रोज तासभर लागतो. तेव्हा धायरीच्या व्हॅनमधली एक मुलगी म्हणाली, “आम्ही रोज पाऊण तास व्हॅनमध्येच असतो की. तिथे करू.” बाईंना वाटलं ती चेष्टा करतेय. ती करत नव्हती. त्या व्हॅनमध्ये बसणाऱ्या मुलांनीच नाटक लिहिलं. विषय काय, तर व्हॅन. पुढे ड्रायव्हरची खुर्ची, मागे तीन रांगा, दप्तरं पायाशी, आणि एका संध्याकाळी राजाराम पुलाच्या अलीकडे अडकलेली गाडी. कोंडी सुटेपर्यंत काय काय होतं तेवढंच. कोणाला शू लागते, कोणाचं गुणपत्रक दप्तरात लपवलेलं असतं, पुढच्या सीटवरून दोघांचं जुनं भांडण निघतं. बसूनच करायचं असल्यामुळे हालचालींचा प्रश्न नव्हता आणि सराव खऱ्या कोंडीत होत होता. गुरुवारी फक्त रंगमंचावर खुर्च्या मांडून बघायचं. व्हॅनवाल्या काकांनी एक दिवस शाळेत येऊन गंभीरपणे तक्रार केली की नाटकात ड्रायव्हर सारखा तंबाखू मळतो, मी तंबाखू खात नाही. मुलांनी तंबाखू काढून बडीशेप केली.

टिंबांच्या रांगेवाली मुलगी यात नव्हती. तिच्या आईचा फोन आला. “बाई, पाचवीपासून ती प्रत्येक गॅदरिंगला आहे. या वर्षीच असं काय झालं?” मी सांगितलं की आंतरशालेय वक्तृत्वाला तीच गेली, बक्षीसही घेऊन आली, शाळेत या वेळी दुसऱ्यांना संधी आहे. आई म्हणाल्या, चांगलं करणाऱ्याला मागे ठेवून काय साधतं? प्रश्न रास्त होता, आणि मी दिलेलं उत्तर त्यांना पटलं नाही. पुढे पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस ‘गुणवत्तेची कदर’ या विषयावर चर्चा झाली. मी त्या ग्रुपवर नाही, पण पालक-शिक्षक संघातल्या एक ताई स्क्रीनशॉट पाठवायच्या, कळवळ्याने.

मुलीने प्रॉम्प्टिंग मागून घेतलं. विंगेत वही घेऊन बसली. सवयीप्रमाणे तिने प्रत्येक वाक्य चढ-उतारासकट, खर्जापासून तारसप्तकापर्यंत सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या दहा मिनिटांत मांडवातल्या लोकांना नाटक दोनदा ऐकू आलं. नाटकवाल्या बाईंनी विंगेत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. नाटक तसं काही थोर नव्हतं. मधे एकाची वाक्यं गेली, तर बाकीच्यांनी ‘हॉर्न वाजवा काका’ म्हणत दोन मिनिटं काढली, आणि रोज तसंच करत असल्यामुळे कोणाला कळलंही नाही. काका मागच्या रांगेत उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. व्हॅनच्या मुलांचे पालक त्या दिवशी पहिल्यांदा एवढ्या संख्येने शाळेत दिसले. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्यामुळे शेलापागोटे, म्हणजे एकमेकांवरच्या थट्टेच्या ओळी, आटोपते घ्यावे लागले, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांवरच्या काही ओळी वाचल्या गेल्या नाहीत हे बरंच झालं.

जानेवारी 3 तारखेच्या सावित्रीबाई जयंतीपासून 26 तारखेच्या संचलनापर्यंत पळतो. फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ, त्यात रडण्यापेक्षा आइस्क्रीम जास्त.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही नववीला घेऊन खोडदला गेलो. नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथे त्या दिवशी लोकांना प्रवेश असतो आणि शाळांचं विज्ञान प्रदर्शनही भरतं. सहलीचे कागद म्हणजे वेगळा उपक्रमच: पालकांची संमतीपत्रं, शिक्षण विभागाची परवानगी, एसटीच्या सवलतीचा अर्ज. रात्री परत आल्यावर धायरीची मुलं घरी कशी जाणार हा प्रश्न आलाच. काकांनी उशिराची वेगळी फेरी केली, पैसे घेऊन, वाजवी.

45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या, त्यामुळे जवळून पाहिल्या की आरपार आकाश दिसतं. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून त्या लहरींना ही जाळी आरशासारखीच असते. वाऱ्याला मात्र ती अडवत नाही. हे वर्गात फळ्यावर तबकडी काढून सांगितलं होतं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिथे उभं राहिल्यावर एकाने विचारलं, “बाई, मग पाऊस आत कसा साठत नाही?” आणि स्वतःच हसला. आवारात फोन बंद ठेवावे लागतात, कारण दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे आपला फोन फारच मोठ्याने बोलतो. त्यामुळे त्या दिवसाचे आमच्याकडे फोटो नाहीत. अहवालासाठी चित्रकलेच्या सरांनी आठवणीने एक रेखाटन करून दिलं.

प्रदर्शनात आमची मांडणी होती गणपतीच्या पिंपातली. साक्याची बरणी, आणि दोन कुंड्यांत मेथी: एकीला नुसतं पाणी, दुसरीला कॅनमधलं पाणी बरंच पातळ करून. मुलांनी महिनाभर उंची मोजून तक्ता केला होता. मेथीत फरक पडला नव्हता, दोन्ही सारख्याच वाढल्या होत्या. आदल्या दिवशी एका सहकाऱ्याने सुचवलं होतं की खतवाल्या कुंडीत दोन जुड्या जास्त खोचा, बघायला बरं दिसेल. मांडणीवरच्या एका मुलीने तक्ता तसाच लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला न अडखळता सांगत राहिली, “खत आहे, पण आमच्या मेथीवर फरक दिसला नाही.” एका पाहुण्याने विचारलं, माती कुठली होती? माती नर्सरीतली, आधीच खत घातलेली होती. त्याचा पुढे विचार करायला हवा होता, असं ती परतीच्या बसमध्ये मंचरपर्यंत बोलत होती. मग झोपली.

एप्रिलच्या सभेत विभागांचे आढावे झाले. मी टिंबांचा नवा हजेरीपट नेला होता. बरीच नावं आता रिकामी नव्हती. काही होती. त्यातल्या एकाला मी वर्षभर वेगवेगळ्या कामांसाठी विचारलं, तो प्रत्येक वेळी सरळ ‘नको बाई’ म्हणाला. वेळेची अडचण नाही, भीती नाही, नको आहे. त्याला मी सोडून दिलं आणि त्याच्या नावापुढे काही लिहिलं नाही. एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं की या वर्षी आंतरशालेय बक्षिसं कमी आली. ते खरं आहे. वक्तृत्व सोडलं तर नाट्य आणि समूहगीतात आम्ही कुठेच नव्हतो, कारण गुरुवारच्या दोन तासांत त्या दर्जाची तयारी होत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता, आणि तसं मी सांगितलं.

विभाग आता हिंदीच्या बाईंकडे गेला आहे. त्यांनी फक्त गुरुवारच्या तासांबद्दल विचारलं. गणिताचे सर वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले: त्यांचा एक तास परत हवा, नववीचा पोर्शन मार्चपर्यंत ओढावा लागला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. गणिताचा तास गणिताला गेला. उपक्रमाला त्याऐवजी शनिवारचा शेवटचा तास मिळाला, जो सकाळच्या शाळेमुळे पाच मिनिटांनी लहान असतो. हिंदीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि पुढचा विभाग घेतला गेला, शिष्यवृत्ती.